चौदा माणसं, दोन रात्री: गावातून अलिबागचा बंगला भाड्यानं घेताना

आमचे साडेतीन हजार रुपये हळदीच्या एका डागापायी गेले. मोठ्या मायनं सकाळी देवाला हळद-कुंकू वाहिलं आणि बोटं बंगल्यातल्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलला पुसली. निघताना केअरटेकरनं तो टॉवेल उन्हात धरून फोटो काढला, मुंबईत बसलेल्या मालकाला पाठवला आणि दहा हजारांच्या डिपॉझिटमधून साडेतीन हजार कापले गेले. तसा टॉवेल बाजारात तीनशेला मिळतो. पण भांडायचं कशाच्या जोरावर? आमच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

ही २०२३ ची गोष्ट. त्याच सहलीत 'समुद्र पाच मिनिटांवर' म्हणजे गाडीनं पाच मिनिटं, हे कळलं. चार बेडरूमपैकी चौथी म्हणजे हॉलमध्ये टाकलेल्या गाद्या, हेही कळलं. त्यानंतर आम्ही दोनदा जाऊन आलो, शेवटचं यंदाच्या फेब्रुवारीत, आणि दोन्ही वेळा डिपॉझिट पूर्ण परत आलं. आता वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात कोणाला समुद्रावर बंगला घ्यायचा असला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. दरवेळी तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी हिशोब, मग हौस

'बंगला' म्हटलं की लोकांना वाटतं, हे पैसेवाल्यांचं काम. आमचा फेब्रुवारीचा हिशोब सांगतो. आम्ही चौदा जण होतो, दोन रात्री, मंगळवार आणि बुधवार. चार खोल्या आणि पोहायचा पूल असलेल्या बंगल्याचं भाडं रात्रीला २४,००० रुपये, म्हणजे ४८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५६,६४०. गाडी म्हणजे सतरा सीटची ट्रॅव्हलर, येऊन-जाऊन आणि तिथलं फिरणं मिळून १,४०० किलोमीटर, किलोमीटरला २२ रुपयांप्रमाणे ३०,८००. जेवणखाण माणशी दिवसाला ९००, दोन दिवसांचे २५,२००. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, केअरटेकरची बक्षिसी असं वरखर्चाचं दहा हजार. सगळं मिळून १,२२,६४०. चौदानं भागा, माणशी पावणेनऊ हजार.

हाच बंगला त्याच आठवड्याच्या शनिवारी ३८,००० ला होता. ही तफावत लक्षात ठेवा, कारण आपला सगळा फायदा तिच्यात आहे. मुंबईचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी निघतो आणि रविवारी संध्याकाळी परततो, त्याला दुसरा इलाज नाही. आपल्याला रविवारचं बंधन नाही. शेतकऱ्याला सुट्टी वार पाहून मिळत नाही, पीक पाहून मिळते.

जीएसटीचं एक नीट समजून घ्या. एका युनिटचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के लागतो, आणि अख्खा बंगला एकच युनिट म्हणून दिला की तो बहुतेक वेळा वरच जातो. म्हणून भाव विचारताना पहिलाच प्रश्न: "टॅक्स धरून की सोडून?" नाहीतर शेवटी साडेआठ हजार वर निघतात आणि घरात एकमेकांची तोंडं पाहायची पाळी येते.

आठ माणसांच्या आत असाल तर बंगल्याच्या भानगडीत पडू नका. नागावला घरगुती खोल्या मिळतात, त्या स्वस्त आणि बऱ्या.

कोणता किनारा

अलिबाग म्हणजे एक गाव नाही, पट्टा आहे, आणि त्याचे दोन भाग सरळ वेगळे आहेत.

उत्तरेला मांडवा, सासवणे, आवास, किहीम. मुंबईहून बोट मांडव्याला लागते, म्हणून बड्या लोकांनी आपले बंगले इकडे बांधले. उंच कंपाउंड, नारळ-सुपारीच्या वाड्या, गेटवर वॉचमन, रस्त्यानं चालताना फक्त कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला तो या किहीमलाच, आणि सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या राहत्या घरात त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. शांतता हवी, म्हातारी माणसं सोबत आहेत, तर हा भाग घ्या. भाडं चढं असतं.

दक्षिणेला आक्षी, नागाव, रेवदंडा आणि आणखी खाली काशीद. इथं किनाऱ्यावर गर्दी, बोटीच्या फेऱ्या, घोडागाडी, भेळ, शहाळी. पोरांना हेच लागतं. काशीदची वाळू पांढरी आणि देखणी, पण तिथं पाण्याला ओढ फार. बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: अलिबागचा समुद्र निळा नसतो. वाळू काळपट, पाणी मातकट. आमच्या काकूनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "काहून बापा, हे तं अडाण नदीच्या पुरावानी दिसते!" फोटोत जो निळा दिसतो तो पूल असतो.

आणि 'सी-टच' या शब्दावर भाळू नका. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या नियमांत येतो आणि तिथल्या बऱ्याच बांधकामांवर वाद झालेले आहेत. किहीमचा एक गाजलेला बंगला तर सरकारनं २०१९ च्या मार्चमध्ये स्फोटकं लावून पाडला. भाडेकरूचं यात घरदार जात नाही, पण चार महिने आधी सगळं भाडं भरून बसणाऱ्याचा ॲडव्हान्स अडकू शकतो.

कधी जायचं

मे महिन्यात भाव चढलेले, आणि तिकडची ३३ डिग्री आपल्या ४५ पेक्षा जास्त छळते. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, तिथं नुसता वाहत राहतो. दिवाळीत सोयाबीनचा पैसा हाती असतो पण बंगलेवाल्यांनाही ते ठाऊक असतं. नाताळ ते नवं वर्ष, विचारूच नका.

जूनमध्ये एक फट आहे. बाकी महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भाच्या उन्हामुळं उशिरा. त्या आठवड्यात बंगले रिकामे आणि स्वस्त. पण तेव्हा तिकडे पाऊस लागलेला असतो, समुद्रात उतरू देत नाहीत, गेटवेहून मांडव्याच्या लाँचा बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी म्हणून ताजी मासळी दुर्मिळ, आणि आपली पेरणी तोंडावर. नोकरीवाल्यांनी, ज्यांना पाऊस पाहत भजी खायची आहेत, त्यांनी खुशाल जावं. शेतकऱ्यानं जाऊ नये.

आमचं ठरलेलं आहे: तूर घरात आली, हरभरा सोंगायला अजून दहा-बारा दिवस आहेत, ती मधली जागा. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. दहावी-बारावीचं पोरगं घरात नसेल तर याहून चांगला काळ नाही. थंडीत तिकडे पोपटी लावतात, हा वरचा फायदा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरतात, मडकं पालथं घालून वरून जाळ करतात. आपल्याकडे जसा हुरडा, तशी तिकडे पोपटी. केअरटेकरला आदल्या दिवशी सांगितलं की तो सगळं जमवून आणतो.

माणसं मोजा, आणि खरी मोजा

"बारा-पंधरा असू" असं सांगून फोन करू नका. वहीत नावं लिहा आणि पुढं चार खुणा करा: जिना चढू शकतो का, कमोडवर बसता येतं का, शाकाहारी की मांसाहारी, पाच वर्षांच्या आतलं आहे का.

जिन्याची आणि कमोडची खूण लोक हसण्यावारी नेतात. आमची मोठी माय सत्तरीची, जन्मभर उकिडवं बसलेली. झाडून सगळ्या बंगल्यांत कमोड. पहिल्या सहलीत बिचारीनं दोन दिवस पोटभर जेवण केलं नाही, आणि कारण घरी आल्यावर सुनेला सांगितलं. पुढच्या वेळी मी विचारून असा बंगला घेतला, ज्यात मागं माळ्याच्या खोलीजवळ देशी संडास होता. स्वच्छ होता, दिवाही होता. कमोडवर जमत नाही पण गुडघेही दुखतात अशांसाठी तळमजल्याची खोली आणि कमोडपुढं ठेवायला छोटं पाटलं, एवढ्यानं काम भागतं.

पाच वर्षांच्या आतल्या पोरांचे बहुतेक जण पैसे लावत नाहीत, वरच्यांचे लावतात. खोटं सांगून चौदाचे सोळा नेऊ नका. गेटवर मोजतात, आणि माणशी जादा पैसे तिथं उभ्या-उभ्या द्यावे लागतात.

मालकाशी भाव बोला, खरं केअरटेकरला विचारा

या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बंगल्याचा मालक मुंबईत किंवा पुण्यात. तुमच्याशी बोलणारा बहुधा दलाल, त्यानं बंगला दोनदा पाहिलेला. बंगला चालवतो तो तिथं राहणारा केअरटेकर आणि त्याची बायको. पंप कधी बिघडतो, कुठल्या खोलीचा एसी नुसता आवाज करतो, शेजारी बांधकाम चालू आहे की नाही, हे फक्त त्यांना माहीत. आपल्याला साडेसहाशे किलोमीटरवरून जाऊन पाहता येत नाही. बैल न पाहता घेणारा शेतकरी कोणी पाहिलाय? पण इथं तेच करायचं असतं, म्हणून निदान दात मोजणारा माणूस तरी जागेवरचा हवा.

नंबर सहज देत नाहीत. तुम्ही परस्पर व्यवहार कराल ही भीती असते. मी म्हणतो, "साहेब, पैसे तुमच्याकडेच भरतो. पण घरात म्हातारी माणसं आहेत, जिन्याचं, संडासाचं विचारायचं आहे." यावर नाही म्हणणारा मालक मला अजून भेटला नाही. जो देतच नाही, तो बंगला सोडा.

फोन दुपारी चारनंतर करा. अकरा ते दोन जुने पाहुणे निघतात आणि नवे यायचे असतात, बिचारा झाडलोटीत असतो. यंदाचा फोन असा झाला:

"दादा, पाणी कुठलं आहे?"

"बोअरचं. अंघोळीला चालतं, प्यायला जार मागवा. खारट लागतं."

मालक म्हणाला होता, चोवीस तास गोडं पाणी.

"पूल किती खोल?"

"साडेचार फूट. पायऱ्यांच्या समोरचा कोपरा पाच."

जाहिरातीत होतं, मुलांसाठी सुरक्षित.

"समुद्र?"

"चालत बारा मिनिटं. पण शेवटी वाळूचा चढ आहे, आजीला नाय जमणार. रिक्षा सांगू शकतो मी."

तीन प्रश्नांत तीन गोष्टी बदलल्या. तरी आम्ही तोच बंगला घेतला, कारण जो माणूस चढ आहे म्हणून आपणहून सांगतो तो पुढं फसवत नाही. आणि खारं पाणी, खोल पूल या गोष्टी आधी कळल्या की त्यांची सोय लावता येते.

आणखी काय विचारायचं:

- लाइट गेली की इन्व्हर्टर आहे की जनरेटर? इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, एसी चालत नाही. जनरेटरचं डिझेल कोणाचं?
- पलंग किती, आणि गाद्या किती? 'बारा जण झोपतात' म्हणजे आठ पलंगावर आणि चार जमिनीवर.
- स्वयंपाकघर वापरू देतात का? गॅसचे वेगळे पैसे? कुकर, तवा, मोठं पातेलं आहे का?
- पूल किती वाजेपर्यंत?
- ड्रायव्हर कुठं झोपेल, आणि त्याच्या जेवणाचं काय?

ड्रायव्हरचं विसरू नका. अकरा तास गाडी चालवून आलेला माणूस डासांत गाडीच्या सीटवर झोपला, तर परतीच्या वाटेवर त्याच्या डोळ्यांवर आपलाच जीव असतो.

गावातली तरुण पोरं मिळून जात असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. नुसत्या पोरांच्या गटाला पुष्कळ मालक बंगला देत नाहीत, आणि देतात ते डिपॉझिट दुप्पट घेतात. रात्री दहानंतर बाहेर स्पीकर चालत नाही, कंपाउंड कितीही उंच असो. वर्धा-गडचिरोलीची दारूबंदी तिकडे नाही म्हणून मोकाट सुटू नका, परवाना अख्ख्या महाराष्ट्रात लागतो, आणि दारू पिऊन पुलात किंवा समुद्रात उतरलेला माणूस हा केअरटेकरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धसका असतो.

पैसे देण्याआधी

खोट्या बंगल्यांच्या जाहिराती भरपूर आहेत. फोटो चोरलेले, भाव अर्धा, आणि "आजच ॲडव्हान्स टाका, दुसरी पार्टी तयार आहे" ही घाई. घाई दिसली की हात आखडता घ्या.

फोटो मोबाइलवर गुगल लेन्समध्ये टाकून पाहा. माझ्या साडूला पाठवलेला 'आवासचा बंगला' तसा शोधल्यावर गोव्यात निघाला. दुसरं, केअरटेकरला व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि कॅमेरा गेटच्या बाहेरून सुरू करायला लावा: रस्ता, गेट, अंगण, पूल, मग खोल्या. एकदाही फोन न कापता. चोराला गेटच दाखवता येत नाही. पैसे टाकताना यूपीआयवर दिसणारं नाव आणि मालकानं सांगितलेलं नाव जुळतं का ते पाहा. फसलातच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

ॲडव्हान्स निम्मा, उरलेले पोचल्यावर. सगळे आधी मागत असेल तर मोठ्या ॲपवरून बुकिंग करा, थोडं महाग पडतं पण तक्रारीला जागा असते.

कागद म्हणजे स्टॅम्प पेपर लागत नाही. व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका आणि त्यावर मालकाकडून 'मान्य' असं उत्तर घ्या. मी जो टाकतो तो असा असतो: "तारीख अमुक ते अमुक, रात्री २, माणसं १४ अधिक ड्रायव्हर, पलंगाच्या खोल्या ४, भाडं टॅक्स धरून इतकं, ॲडव्हान्स मिळाला इतका, डिपॉझिट १०,०००, निघाल्यापासून चोवीस तासांत परत. टॉवेल-चादरीच्या डागाला धुलाईचा खर्च, त्याहून जास्त कापणार नाही." शेवटचं वाक्य मोठ्या मायच्या नावानं असतं. तारीख रद्द झाली तर किती परत, हेही त्यातच लिहून घ्या. आपल्या घरात सोयर-सुतक सांगून येत नाही.

ओळखपत्रं सगळ्या मोठ्यांची मागतात. आधार द्यायचंच तर मास्क केलेलं द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. संकेतस्थळावरून घरबसल्या निघतं.

रस्ता

आमच्या भागातून समृद्धी महामार्ग सोयीचा. कारंजा, धामणगाव, मेहकर, जवळ असेल तिथून चढायचं, भिवंडीजवळच्या आमण्याला उतरायचं. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडला तेव्हापासून कसाऱ्याचा घाट सुटला. पुढं भिवंडी, पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. किहीम-आवासला जायचं तर कार्लेखिंडीनंतर चोंढीकडे वळायचं. वडखळचा रस्ता शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी संध्याकाळी येताना तुंबतो. आपण मंगळवारचे, आपल्याला काही नाही.

पहाटे चारला निघा. रात्रीची गाडी नको म्हणजे नको. समृद्धी सरळसोट, झाड नाही, वळण नाही, डोळा लागतो. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली, ते आपल्या लोकांना सांगायला नको. ट्रॅव्हलर ठरवताना टायर स्वतः पाहा, घासलेले असतील तर दुसरी गाडी. पहाटे चारला निघालं की दोन थांबे धरून दुपारी तीनपर्यंत पोचतो, तोवर बंगल्याची चावी मिळायची वेळ झालेली असते.

रेल्वेनं जायचं तर मूर्तिजापूर, अकोला किंवा बडनेऱ्याहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, गेटवेहून लाँचनं मांडवा. तासाभराचा समुद्र, पोरं खूश. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा बंगला आणि तिकीट एकाच दिवशी करा. आमच्यापैकी चौघं येताना असे आले, सामान ट्रॅव्हलरमध्ये टाकून.

खाणं

केअरटेकरच्या बायकोकडून जेवण घ्या. ताटाचा भाव आधी ठरवा, शाकाहारी आणि मांसाहारी वेगळा, आणि त्यात मासा कोणता ते विचारा. बांगड्याच्या ताटात आणि पापलेटच्या ताटात फरक असतो. जिताडा मासा मिळाला तर सोडू नका.

पण आपलं तोंड आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी नारळाची आमटी कौतुकाची, दुसऱ्या दिवशी दुपारी काका विचारतात, "तिखट नाही काय हो?" म्हणून घरून ज्वारीचं पीठ, लाल तिखट, ठेचा, बेसन आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. दुसऱ्या संध्याकाळी आमच्या बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, झुणका-भाकर केली आणि केअरटेकरच्या घरी ताट पाठवलं. त्याची बायको भाकरीची थाप पाहायला येऊन बसली, तिकडची भाकर तांदळाची. त्या एका ताटानं जी कामं झाली ती बक्षिसीनं झाली नसती.

परतताना रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा मिळतात. गोडसर असतो, जीआय मानांकन आहे. माळ घ्या, सुटा घेऊ नका.

पाणी: पूल आणि समुद्र

पुलात सुती कपड्यांना मनाई असते, धाग्यांनी फिल्टर तुंबतो. साडी नाही, लुंगी नाही, बनियन नाही. तिथल्या दुकानात पोहण्याचे कपडे तिप्पट भावानं मिळतात, म्हणून कारंजा-अकोल्यातूनच नायलॉनचे घेऊन जा. पुलावर जीवरक्षक नसतो. आम्ही पाळी लावली: दर तासाला एक मोठा माणूस, खुर्ची टाकून, मोबाइल घरात ठेवून.

समुद्राचं मात्र शांतपणे समजून घ्या. आपली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. त्यांना वाटतं, पोहता येतं. येतं, पण विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्र पायाखालची वाळू काढून घेतो आणि उतरतं पाणी माणसाला आत नेतं. आमचा नियम एकच: पाणी उतरत असताना कोणीही आत जायचं नाही, आणि चढत असताना गुडघ्यापर्यंतच.

चढतंय की उतरतंय हे ओळखायची युक्ती कोळ्यांची आहे, आणि आपल्याला ती सोपी, कारण आपल्या भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असतंच. तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला चार गुणिले तीन बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पहाटे तीनच्या सुमारासही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा तास मागंपुढं होतं, म्हणून जागेवर पुन्हा विचारायचं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार कमी. याचा उपयोग कुलाबा किल्ल्यासाठी करा. हा अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा आहे आणि ओहोटीला चालत जाता येतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण पाणी पुरतं हटत नाही, घोडागाडी करावी लागते. तृतीया ते पंचमी सगळ्यात बरी: सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी, पाणी लांब गेलेलं, ऊनही कोवळं. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. मोठी माय घोडागाडीतून गेली, विहिरीचं पाणी तोंडाला लावलं आणि विचारलं, "हे इतलं गोड कसं म्हून?" आणि ओहोटी संपायच्या आत परत फिरा. किल्ल्यात रमलेल्यांना भरती सांगायला येत नाही.

म्हणजे बंगल्याची तारीख ठरवतानाच तिथी पाहायची. आम्ही आता वार आणि तिथी दोन्ही जुळवून फोन करतो. मालक विचारतो, "मंगळवारच का?" मी म्हणतो, तृतीया आहे.

निघताना

पोचल्या-पोचल्या, सामान उतरवायच्या आधी, मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. फुटलेली फरशी, सैल नळ, डागाळलेली चादर, टीव्हीचा तडा, जे असेल ते. तिथंच केअरटेकरला दाखवा आणि मालकाला पाठवून द्या. निघायच्या सकाळी तसाच दुसरा व्हिडिओ.

देवपूजा, हळद, मेंदी, काजळ, आंबवलेलं लोणचं, या सगळ्यांसाठी घरची जुनी फडकी न्या. आम्ही आता बंगल्याचे पांढरे टॉवेल पहिल्याच दिवशी घडी करून कपाटात ठेवतो आणि आपापले पंचे वापरतो. मोठी माय स्वतः मोजून ठेवते.

चावी अकराला द्यायची असते, आवराआवर नऊला सुरू करा. केअरटेकरची बक्षिसी त्याच्या बायकोच्या हातात द्या आणि तिच्या जेवणाचे पैसे वेगळे. डिपॉझिट गाडीत बसायच्या आधी मागा. "संध्याकाळी टाकतो" म्हणाले तर मेसेजमधलं चोवीस तासांचं वाक्य दाखवा. यंदा आमचं डिपॉझिट पेणच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा आलं, दहाच्या दहा हजार, आणि मागोमाग केअरटेकरचा मेसेज: एक पंचा दोरीवर राहिलाय, पिवळा आहे, धुऊन ठेवतो.